मी देश हाय
नव्या स्केचपेनचा वास आला की मला मुरबाडच्या कॉलेजातली एक दुपार आठवते. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि राज्यशास्त्राच्या सरांनी वर्गात संयुक्त राष्ट्रांची सभा भरवली होती. मुलांपुढे नव्या स्केचपेनने लिहिलेल्या देशांच्या नावांच्या पाट्या होत्या, आम्हा मुलींकडे रांगोळी आणि चहा. एका मुलाची एसटी चुकली, तेव्हा डोंगरावरच्या वाडीतून चालत येणारी माझी मैत्रीण सरळ त्याच्या खुर्चीत जाऊन बसली. सर म्हणाले, "अगं, ऊठ, चहा आण." ती घाबरली होती, तरी पाटी घट्ट धरून म्हणाली, "सर, आता मी देश हाय." सगळे हसले, सरही हसले, आणि त्यांनी तिला बसू दिलं. मुलं सीमा आणि तोफांवर तावातावाने बोलली. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "लढाईत गाव उठलं, तर बायांनी पोरं घेऊन जायचं कुठं? पाणी कुठून आनायचं? त्याचा पण ठराव लिवा." आता कोणी हसलं नाही. सरांनी ठराव फळ्यावर लिहिला आणि मतं मागितली. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तो खाली ठेवून मीही हात वर केला, आणि सरांनी तो मोजला. ठराव तरीही पडला. जिना उतरताना माझं तोंड उतरलेलं पाहून ती म्हणाली, "पडू दे गो, फळ्यावर तर आला ना!" आता मीही राज्यशास्त्र शिकवते. युद्धात आणि तहात बायका कुठे असतात, यावरची जाडजूड पुस्तकं माझ्या टेबलावर असतात. त्या वर्षीच्या परीक्षेनंतर माझी मैत्रीण लग्न होऊन खर्डीकडे गेली, मग भेट झाली नाही, आणि ही पुस्तकं तिला दाखवायची राहूनच गेली.