हेरांच्या पार्टीतले नाना

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पुढे जाते. धुळ्यात शाळेत विज्ञान शिकवते मी. लिंबातून रक्त काढणाऱ्या बुवांची युक्ती दरवर्षी आठवीच्या वर्गात स्वतः करून दाखवते. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण गेल्या मे महिन्यातली ती दुपार काही केल्या डोक्यातून जात नाही.

माझे वडील – आम्ही त्यांना नाना म्हणायचो – दीपनगरच्या वीज केंद्रात होते. पाळी सुटली की गेटवर ही गर्दी व्हायची. नाना सायकल धरून बाजूला उभे राहायचे आणि सगळे गेले की मग निघायचे. लहानपणी मी कॉलनीच्या कोपऱ्यावर वाट बघत बसायचे, आणि माझे वडील नेहमी सगळ्यात शेवटी यायचे.

रिटायर झाल्यावर ते भुसावळला राहायला गेले आणि त्यांना वेळ जाईना. तेव्हा मी त्यांच्या लॅपटॉपवर एक गेम टाकून दिला. एका बंगल्यात पार्टी चाललेली असते. वीसेक पाहुणे हिंडत असतात. त्यातला एक हेर, म्हणजे वेष बदललेला खेळाडू. बाकी सगळे कॉम्प्युटरचे. दुसरा खेळाडू बाहेरून दुर्बिणीतून बघतो आणि हेर कोण ते ओळखून गोळी झाडतो. गोळी एकच. हेराने शेवटपर्यंत कॉम्प्युटरसारखं वागायचं, एवढीच युक्ती.

दर रविवारी नाना भुसावळहून हेर, मी धुळ्याहून दुर्बीण. आणि नाना दर वेळी पकडले जायचे! कारण त्या बंगल्यातल्या गच्चीच्या दारात कुणी समोरून आलं, की ते दोन पावलं मागे सरायचे आणि बाजूला उभे राहायचे. की मी मारलीच गोळी.

“नाना, ती बाई खरी नाहीये, कॉम्प्युटरची आहे!” मी फोनवर ओरडायचे.

“असू दे ना. समोरून बाईमाणूस येतंय, मी कसा घुसू?”

कधी राजदूत झाले, कधी डॉक्टर, कधी सुटाबुटातला म्हातारा... पण दाराशी थांबायचेच.

मागच्या सप्टेंबरात नाना गेले. हार्ट अटॅक. आईला मी धुळ्याला घेऊन आले. ती रडली नाही की नानांचं नाव तिने काढलं नाही. आठ महिने! विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची, बस.

मे महिन्यात नानांचा लॅपटॉप फॉरमॅट करून मावसबहिणीला द्यायचं ठरवलं. रविवार होता, दुपारचे चार वाजले असतील. कूलर चालू होता. आई गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालून नुकतीच खाली आली होती. पुसण्याआधी एक डाव खेळावा म्हणून मी गेम उघडला. सरावाचा डाव – म्हणजे हेरसुद्धा कॉम्प्युटरच. इंटरनेट बंद होतं.

पाहुण्यांत तो सुटाबुटातला म्हातारा होता. तो दारापाशी आला. समोरून एक बाई आली. म्हातारा दोन पावलं मागे सरला, बाजूला उभा राहिला आणि ती गेल्यावर आत गेला.

योगायोग, म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. सवयीने नेम त्याच्यावरच धरलेला होता.

मागे आई केव्हा येऊन उभी राहिली, कळलं नाही. माझी आई धरणगावची, घरात अहिराणीच बोलते. हा गेम तिने कधी धड बघितलेलाही नव्हता.

“हाई त्यासनीच चाल शे,” ती म्हणाली. आणि माझा खांदा घट्ट धरून – “त्यासले मारू नको.”

मी माउसवरून हात काढला. वेळ संपेपर्यंत आम्ही दोघी त्या म्हाताऱ्याकडे बघत होतो. डाव संपल्यावर हेर कोण होता ते गेम दाखवतो. हेर होती लाल कपड्यांतली एक बाई. म्हातारा हेर नव्हताच. नुसता पाहुणा होता.

आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी त्याच लॅपटॉपवर तीस-चाळीस डाव बघितले. एकदाही कुणी दाराशी थांबलं नाही. “मॅडम, पाहुण्यांना मागे सरायचं शिकवलेलंच नाही यात,” ते म्हणाले. “एखादा बग असेल.” असेलही... पण मग आईने गेमबद्दल काहीही माहीत नसताना कसं ओळखलं? मी लॅपटॉप फॉरमॅट केला नाही. बहिणीला दुसरा घेऊन दिला.

त्या दुपारी आई बराच वेळ काळ्या स्क्रीनसमोर बसून राहिली. मग पदराने डोळे पुसत तिने एवढंच विचारलं –

“तठे खावाले काही व्हतं का?”

वेटर ट्रे घेऊन फिरत असतात, मी सांगितलं. भरपूर असतं.