प्रोसेसरचे दात

माझा कंप्यूटरचा धंदा एका दातकोरणीनं संपला.

धंदा म्हणजे काय, तर चौसाळ्यात हायवेला लागून माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तिथंच बसून मी सागवानी खोक्यातला, बिनपंख्याचा, अजिबात आवाज न करणारा कंप्यूटर बनवायला घेतला. असल्या मशीनचे शौकीन जगात असतात. (चौसाळ्यात नसतात, हे बायकोनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.) वर तिची अट, "दसऱ्यापर्यंत एक तरी इकून दाखवा. न्हाई तर दुकानाला कुलूप, अन् आमच्या दादांच्या म्हशी सांभाळायला युसूफ वडगावला चला!"

दादा म्हणजे तिचे वडील. मी त्यांना मामा म्हणतो. उभा जन्म जनावरांच्या बाजारात दलाली केली, आता घरी आठ म्हशी.

बिनपंख्याच्या मशीनमध्ये सगळा खेळ प्रोसेसरचा. पळणारा घ्यावा तर तापतो, न तापणारा घ्यावा तर पळत नाही. मला दोन पसंत पडले. त्यातला एक निवडायला चार महिने लागले.

"चार महिने?" सुनीता म्हणाली. "मला बघायला आलतात तवा पोहे संपायच्या आत हो म्हनलात की!"

"तू किती तापतेस ते तेव्हा कुठं माहीत होतं," असं मी म्हणालो नाही. दहा वर्षं संसार केलाय मी.

मग किंमत. कमी लावली तर शौकीन माणसाला माल हलका वाटतो, जास्त लावली तर तो एकदम शहाणा होतो! महिनाभर डोकं खाजवून चाळीस हजार ठरवले. गिऱ्हाईकही सापडलं. एकच! पुण्याचे सोमण. जुन्या तबकड्यांवरची गाणी कंप्यूटरवर उतरवून घ्यायचा त्यांना नाद, आणि त्यात पंख्याची घरघर येते हे दुःख. "जोडण्याआधी प्रोसेसर डोळ्यांनी बघणार," एवढंच त्यांचं म्हणणं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सोमण यायचे होते, तर सकाळीच मामा हजर.

"जावयाचा पहिला सौदा हाय. म्हनलं, आपुन असावं."

मला लई भारी वाटलं. त्या भरात मी प्रोसेसर त्यांच्यापुढं ठेवला. "मशीनचा जीव तो हाच, मामा. नीट पारखून बघा!" आणि सोमणांना आणायला स्टँडवर गेलो.

परत आलो तर मामांनी प्रोसेसर उलटा करून तळहातावर घेतलेला. त्याच्या पोटाला केसाएवढ्या बारीक पिना असतात, त्यावरून मामांचा अंगठा फिरत होता. (त्याच अंगठ्यानं त्यांनी नुकतीच चुना लावून तंबाखू मळली होती.)

"जावईबापू, लई दात हायेत हो याला! शंभरापस्तोर मोजले, मग नजर हालली."

"मामा, हात लावू नका!"

"कावून? दात बघितल्याबिगर माल पारखावा कसा? चार वाकडे झालते, तेवढे सरळ केले." आणि त्यांनी खिशातली दातकोरणी दाखवली.

सोमणांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते काही बोलायच्या आत मामांनी खांद्यावरचा टॉवेल स्वतःच्या आणि त्यांच्या हातावर टाकला. बाजारात भाव असाच होतो, कापडाखाली, बोटं दाबून. मामांनी सोमणांची चार बोटं दाबली. म्हणजे चाळीस हजार. आता पुण्याच्या माणसाचा हात असा टॉवेलखाली कुणी कधी धरला असेल? घाबरून त्यांनी मामांचा अख्खा पंजाच घट्ट आवळला.

"पाच बोटं! पन्नास!" मामा ओरडले. "जमलं!"

गैरसमज दूर करणं माझं काम होतं. मी केलं नाही. चहा घेऊन आलेल्या सुनीताकडं मी अशा काही तोऱ्यात बघितलं, की आठवलं तरी आज लाज वाटते.

"आता खोड सांगतो," मामा म्हणाले. "म्या दलाल हाय, ऐब लपवून इकत न्हाई. याचे चार दात म्याच वाकवलेत, अन् वाईच चुना लागलाय."

"चालू करून दाखवा," सोमण एवढंच म्हणाले.

मी चुना पुसला, मशीन जोडलं, देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळाच!

"आवाज बघा, जराही नाही," मी म्हणालो.

सोमणांनी खोक्याला कान लावला. "नाही हो. खरंच नाही." त्यांनी चहा संपवला, मामांना नमस्कार केला आणि मिळेल त्या गाडीनं निघून गेले.

"बसकं जनावर बाजारात आनू न्हाई, जावईबापू," मामा हळूच म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मला तर रडूच आलं होतं, पण सासऱ्यापुढं जावयानं रडायची पद्धत नाही.

सुनीतानं कुलूप शोधून आणलं.

आता मी युसूफ वडगावला असतो. म्हशी उन्हाळ्यात फार तापतात, म्हणून पहिलं काम केलं ते गोठ्यात सहा पंखे बसवायचं. भयंकर आवाज करतात. आठांपैकी एकीचीही तक्रार नाही. मामा खूश झाले आणि नववी म्हैस निवडायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं.

दोन पसंत पडल्यात. चौथा महिना चालू आहे.