पाचटाच्या कुंड्या

धाकट्या जावेनं माझ्या मिक्सरमध्ये उसाचं पाचट वाटलं, त्या दिवशी आमचं पहिलं भांडण झालं. तिला या घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कर्नाटक सीमेकडच्या गावची, रसायनशास्त्रात पदवी घेतलेली, मला ‘अक्का’ म्हणणारी. मी दहावी होताच लग्न होऊन आलेली. घर, म्हशी आणि सासऱ्यांचा चढा आवाज सांभाळण्यात माझी वर्षं गेली. मिक्सरचं पातं वाकलं होतं आणि भांड्याला कुजक्या गवताचा वास मारत होता.

“आता चटणी कशात वाटू?” मी ओरडले.

“अक्का, आधी हे बघा की,” म्हणत तिनं पेल्यावर थापून केलेली एक खडबडीत कुंडी माझ्या हातात दिली.

आमचा ऊस हातकणंगल्याच्या बाजूला. तोड झाली की रानात उरलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, सासरे पेटवून द्यायचे. सगळ्यांच्या रानांत तेच. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची. जावेचं म्हणणं असं की मिरचीची, वांग्याची रोपं प्लॅस्टिकच्या पिशवीत वाढवतात, लावताना पिशवी फाडून बांधावर टाकतात. त्याऐवजी रोप पाचटाच्या कुंडीत वाढवायचं आणि कुंडीसकट मातीत पुरायचं. मुळांना धक्का नाही आणि कुंडी मातीत विरून जाते.

ऐकायला सोपं होतं, पण पहिल्या कुंड्या पाणी घालताच बसल्या. मग तिनं मैद्याची खळ घातली. कुंड्या टिकल्या, पण त्यांच्यावर बुरशी आली. चुन्याची निवळी घातल्यावर बुरशी थांबली, तर उन्हात वाळताना तडे जायला लागले. ती परसात बसून एकेक तडकलेली कुंडी उचलायची आणि खाली ठेवायची. मला ते बघवेना.

“मातीची चूल थापली की आम्ही आधी सावलीत सुकवतो,” मी म्हटलं. “एकदम उन्हात ठेवली तर ती पण तडकतीच की.”

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून कुंड्या पडवीत मांडल्या. त्या चांगल्या वाळल्या. मिक्सरचं भांडण तिथंच संपलं.

पुढं पेपरात बातमी आली. पुढच्या महिन्यात कोल्हापुरात एका कॉलेजच्या मैदानावर विज्ञान मेळावा, आणि त्याला जोडूनच नव्या उद्योजकांचं संमेलन. कुणीही बघायला यावं, ज्याचा प्रयोग असेल त्यानं मांडावा. जावेनं बातमी मोठ्यानं वाचली आणि पेपर बाजूला ठेवला.

“आपल्यासारख्यांचं काम न्हाय ते,” ती म्हणाली.

“आपल्यासारखी म्हणजे कसली?” मी विचारलं. तिनं पेपर पुन्हा उचलला, आणि आम्ही जायचं ठरवलं.

स्टेजवर थोडा वेळ बोलायचंही होतं. ती घरात भडाभडा बोलायची, पण चार लोकांत तिचा कानडी हेल ऐकून कुणी हसेल, या भीतीनं तिची जीभ अडकायची. म्हणून आम्ही गोठ्यात तालीम सुरू केली. ती बोलायची, मी ऐकायची. एकदा सासरे वैरण घेऊन आले आणि तिथंच बसले.

“पिशवी स्वस्तात मिळतीया. मग मी ही कुंडी कशाला घिऊ? सांग की!”

ती गडबडली. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी येऊन तोच प्रश्न केला. तिसऱ्याही दिवशी तोच. आम्हाला वाटलं, म्हातारा टिंगल करतोय. पण त्यांना उत्तर देता देता तिचा आवाज मात्र मोकळा झाला.

मेळाव्याच्या दिवशी सासरे म्हणाले, “म्हशींकडं कोण बघणार? तुम्ही जावा.” आम्ही दोघी मिरचीची रोपं लावलेल्या कुंड्या घेऊन निघालो. स्टॉलवर शाळेच्या पोरी आल्या, कुंडी हातानं चुरगाळून, नाकाला लावून गेल्या. दुपारी स्टेजवर जावेचं नाव पुकारलं. सुरुवात बरी झाली. मग समोर बसलेल्या परीक्षकांपैकी एकानं अर्ध्या इंग्रजीत विचारलं, “मार्केट केवढं आहे? स्केल कसं करणार?”

ती थिजली. माइक हातात तसाच. मी पहिल्या रांगेत होते. मंडपात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

“ओ ताई! मी शेतकरी हाय. पिशवी स्वस्तात मिळतीया. मग मी ही कुंडी कशाला घिऊ?”

मी वळून बघितलं. पांढरी टोपी, घडीचा सदरा घातलेले आमचे सासरे मागच्या रांगेत उभे होते, तेही आमची त्यांची जन्मात गाठ पडली नसावी असा चेहरा करून.

जावेनं त्यांच्याकडं बघितलं. तिच्या ओठावर हसू आलं.

“पावणं,” ती म्हणाली, “पिशवी स्वस्त हाय, खरं हाय. पण तुमच्या बांधावर ती वर्षानुवर्षं पडून राहती. माझी कुंडी तुमच्याच पाचटाची हाय, ती तुमच्याच रानात जिरती.” लोक हसले, टाळ्या पडल्या. मग ती त्या परीक्षकांकडं वळली. मोठा कारखाना काढायचा नाही, तर गावोगावी बायकांनी आपल्याच रानातल्या पाचटाच्या कुंड्या करायच्या, असं तिनं तिच्या त्याच हेलात सांगितलं.

बक्षीस दुसऱ्यांना मिळालं. पण कॉलेजच्या एका बाईंनी कुंड्या प्रयोगशाळेत तपासून द्यायचं कबूल केलं, आणि कळंब्याकडं नर्सरी चालवणारी एक बाई उरलेल्या सगळ्या कुंड्या घेऊन गेली. नंतर तिचा फोन आला, “रोपं झकास लागली. फक्त काठ जरा जाड करा.”

म्हशी शेजाऱ्यांवर टाकून आलेले सासरे त्या दिवशी परतताना एसटीत पुढच्या सीटवरून मागं वळले. “भर सभेत सासऱ्याला पावणं म्हणालीस व्हय गं?”

“मग काय म्हणू, मामा? वळख तुम्हीच दावली न्हाईसा.”

ते खदखदून हसले. सुनांसमोर ते असे हसलेले मी पहिल्यांदाच बघितले.

यंदा तोड झाल्यावर आमच्या रानात धूर झाला नाही. पाचट गोळा करून गोठ्यामागं रचून ठेवलं आहे, आणि शेजारच्या रानातलेही दोघं-तिघं ‘आमचं पण न्या’ म्हणून सांगून गेलेत. आता पुढच्या महिन्यात पुण्याला मोठा विज्ञान महोत्सव आहे, तिथं उद्योजकांसाठी वेगळा दिवस ठेवला आहे. कॉलेजच्या बाईंनी आमचंही नाव कळवलं. जावेनं परवा शांतपणे सांगून टाकलं, “अक्का, ह्या येळेला तुम्ही बोलायचं.”

पुण्याला मी एका लग्नापुरती गेले आहे, तेव्हाही मांडवातून बाहेर पडले नव्हते. पण भाकरी थापताना मी भाषण पुटपुटत असते, आणि काल पहिल्यांदा सगळं न अडखळता म्हणून झालं.