दर्याची ओटी

परवा पौडच्या बाजारात उदबत्तीचा दाट वास आला आणि मी घाईनं पुढं निघालो. साठ वर्षं झाली, तो वास मला अजून सोसत नाही.

मी तेव्हा बोटीवर खलाशी होतो. पहिल्या सफरीला निघताना आई म्हणाली, "दर्याची वटी बाईमाणसानं भरावी. मला बंदरावर ने." तिच्या ठिगळाच्या लुगड्याची मला लाज वाटली. "बायकांना तितं सोडत न्हाईत," मी ठोकून दिलं. मग तिनं ओटीचा खण-नारळ माझ्याकडंच दिला.

तो मी मकावला दर्याच्या देवीच्या चिनी देवळात वाहिला. छताला टांगलेल्या उदबत्त्यांच्या वेटोळ्यांची राख अंगावर पडत होती. सोबतच्या गोवेकरानं देवीची गोष्ट सांगितली. एका गरीब पोरीला श्रीमंतांच्या बोटींनी नाकारलं, एका कोळ्यानं तेवढं घेतलं. वादळात तिनंच बोट तारली आणि किनारा लागताच ती दिसेनाशी झाली. तिथं हे देऊळ उभं राहिलं, तिच्याच नावानं शहर वसलं.

घरी आल्यावर मी ती गोष्ट आईला रंगवून सांगितली. चुलीतलं लाकूड पुढं सारत तिनं विचारलं, "म्हंजी बाईमाणसाला घेत्यात व्हय बोटीवर?"