उशिरा फुलणारी

वनस्पती संशोधन संस्थेच्या काचघरात रोपं सांभाळणाऱ्या मावशी म्हणायला सातवी नापास. पण कुठलं रोप कधी फुलणार, हे नुसतं पान बघून सांगत, आणि भल्याभल्यांचा अंदाज चुकला तरी त्यांचा चुकत नसे. लेक त्याच संस्थेत संशोधक झाली, तेव्हा तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

लेकीला एक वेगळं रोप सापडलं होतं. त्यातलं एक जनुक बिघडलेलं. त्यामुळे ते महिनाभर उशिरा फुलायचं, आणि फुलात बीजांडं धरतच नसत.

"आई, फुलांना भुलू नकोस. हिला बी येणार नाही. हिची साधी भावंडं आहेत ना, वेळेवर फुलणारी, त्यांतल्या काहींच्या पोटात हे जनुक लपलंय. वंश चालेल तो त्यांच्यामुळे. त्यांना जप."

"बरं बाई, आता मला शिकव!"

मग साधा ताप आला आणि आठ दिवसांत लेक गेली. महिन्याभराने मावशी कामावर आल्या. लेकीच्या अक्षरातल्या पाकिटात त्या भावंडांचं उरलंसुरलं बी होतं, ते त्यांनी पेरलं. सगळं उगवलं, साधी भावंडंही आणि उशिरा फुलणारी रोपंही.

एका दुपारी थंडाव्याचं यंत्र बंद पडलं. काचघराची भट्टी झाली. शेजारच्या थंड खोलीत एकाच ट्रेपुरती जागा उरली होती. एका ट्रेत भावंडं, शेंगा अजून कोवळ्या. दुसऱ्यात ती उशिरा फुलणारी, नुकती उमललेली. मावशींना सगळं ठाऊक होतं. पण असल्याच पांढऱ्या फुलांवर वाकून लेक फुलांशी गप्पा मारायची. मावशींनी फुलांचा ट्रे उचलला.

दुसऱ्या दिवशी लेकीचे सर आले.

"मावशी, भावंडं?"

"करपली. मीच करपवली म्हणा."

"तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं हो, सर. पण डोळ्यांदेखत तिला दुसऱ्यांदा कशी मरू देऊ?"

सर चष्मा पुसत उभे राहिले.

बी धरायचं नसलं की रोप लवकर थकत नाही. ती रोपं दोन महिने फुलत राहिली. येणारे-जाणारे म्हणत, "मावशी, काय हात आहे तुमचा!" मावशी रोज एक शेंग सुईने उकलून बघत. आत काही नसे. मग झारी उचलत.

शेवटचं रोप वाळलं, त्या दिवशी त्यांनी लेकीच्या अक्षरातलं ते पाकीट काढलं, सवयीने तारीख घातली आणि रिकामंच चिकटवून खणात ठेवलं.