इमानालीची अडलेली बाता

काराकोल गावात जपारकुलला सगळे ‘सहा तासवाला’ म्हणतात. तो लग्नांचं शूटिंग करतो आणि त्याची फिल्म सहा तासांच्या आत संपत नाही. आता यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? आमच्याकडे लग्नात जेवढे वडीलधारे, तेवढ्या बाता, म्हणजे आशीर्वाद. प्रत्येक जण उठणार, तळहात उघडून मागणं मागणार, आणि ‘ओमीन’ म्हणून हात तोंडावरून फिरवेपर्यंत सगळी पंगत हात उघडे धरून जागच्या जागी बसणार. हल्लीची पोरं ड्रोन उडवतात आणि नवरानवरी, घोडा, तळं असं सगळं गाण्यावर पाच मिनिटांत उरकतात. जपारकुल बाता कापत नाही. काकाची बाता अर्धी कापली तर पोरीला अर्धाच आशीर्वाद लागेल, असं त्याला मनापासून वाटतं. माणूस हट्टी आहे, पण त्याच्या हट्टाचा कुणाला त्रास नाही.

पूर्वी तो गावच्या थिएटरात मशीन चालवायचा. थिएटर बंद पडलं, तसा कॅमेरा खांद्यावर आला. बायको गेली, मुलगी सालकीन बिश्केकला नोकरीला लागली. घरात आता तो, टेपांनी भरलेलं कपाट आणि एक म्हातारा कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर त्यानं हौसेनं एडिटिंगचं नवं सॉफ्टवेअर टाकलं, तेव्हापासून तो सारखा अडायला लागला होता. चित्र मध्येच गोठायचं, आवाज बंद व्हायचा.

अशातच एका दुपारी बेगायीम आली. पुढच्या आठवड्यात ती लग्न होऊन नारीनला जाणार होती. तिचे आजोबा इमानाली तिच्या जन्माआधीच गेलेले. त्यांची बाता तेवढी उरली होती, तिच्या आईवडिलांच्या लग्नाच्या टेपवर. घरची कॅसेट कधीच खराब झाली होती, मूळ टेप मात्र जपारकुलच्या कपाटात होती. आजोबांच्या बातेशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, असं पोरीनं मनाशी धरलं होतं.

त्यानं टेप शोधली, जुन्या कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर उतरवली आणि लावली. पडद्यावर पांढरी टोपी घातलेले इमानाली उठले. बेगायीमनं तळहात उघडले. म्हाताऱ्यानं लेकाला मुलगे मागितले, घोडे मागितले, हिवाळ्याला पुरेल एवढा चारा मागितला, आणि चित्र अडलं. म्हाताऱ्याचं तोंड अर्धवट उघडं, मागची सगळी पंगत पुतळ्यासारखी. जपारकुलनं जीव मुठीत धरून वाट पाहिली, मग शरमेनं सगळं बंद केलं. बेगायीमला हात कुठं ठेवावेत ते कळेना. ‘ओमीन’ झालं नव्हतं, मग ते तोंडावरून फिरवायचे कसे? ती तशीच उघड्या हातांनी दारापर्यंत गेली, आणि तिच्यासाठी दार त्याला उघडावं लागलं. त्याला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

सालकीननं फोनवर नेहमीचा पाढा वाचला. मेमरी कमी पडतेय, आता नवी आलीय ती घ्या, जुन्यात जीव अडकवू नका, मीच पाठवते. तो नुसता हं हं करत राहिला. लेकीचं म्हणणं चूक नव्हतं. मशीन वेगानं चालायला लागलं तर ड्रोनवाल्या पोरांकडे गेलेली गिऱ्हाइकं परत येतील, हे त्यालाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचं खोकं पाठीला बांधून तो बाजारात इसमारच्या टपरीत गेला. इसमार दुंगान जमातीतला, शेवयांवर वाढलेला, जिभेला तिखट, पण हात सोन्याचा. त्यानं झाकण काढलं आणि आधी ब्रशनं धूळ उडवली.

“बाइके दादा, ह्यात शेवया वाळवत होतास काय?” मग त्यानं दोन रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, शेजारी ठेवून दाखवल्या. “ही नवी. वेगवान आहे, खोटं कशाला बोलू? पण हिची खाच वेगळी. तुझ्या बोर्डात ती बसायचीच नाही. ही घ्यायची म्हणजे बोर्ड नवा, प्रोसेसर नवा. म्हणजे खोकं तेवढं तुझं राहील.”

जपारकुलनं आतल्या एका हिरव्या कार्डावर बोट ठेवलं. टेपा त्याच कार्डातून आत यायच्या. “आणि हे?”

“हे नव्या बोर्डावर लागत नाही. जागाच देत नाहीत आता.”

“मग माझ्या टेपा?”

इसमारनं शेवयांचा वाडगा पुढं सरकवला. जपारकुल बराच वेळ खात बसला. त्या कपाटात गावातली किती गेलेली माणसं हात उघडून उभी होती. शेवटी तो म्हणाला, “जुन्यातलीच आणखी एक घाल. वेग नको मला. अडलं नाही म्हणजे झालं.”

घरी येऊन त्यानं दोनचार लग्नं चालवून पाहिली. लोण्यासारखी चालली. इमानालीची बाता मात्र त्यानं लावली नाही. ज्याचा आशीर्वाद, त्यानं तो आधी घ्यावा.

निघायच्या आदल्या दिवशी बेगायीम आजीला घेऊन आली. काल्बूबू आपाचे गुडघे कामातून गेलेले, तोंड तेवढं शाबूत. आल्या आल्या तिनं चहा पातळ झाल्याचं सांगून टाकलं. मग जपारकुलनं बाता लावली आणि तिघांनी हात उघडले. मुलगे झाले, घोडे झाले, चारा झाला, आणि चित्र त्याच जागी अडलं.

जपारकुलला वाटलं, लेकीचं ऐकायला हवं होतं. पोरगी उद्या अर्धी बाता घेऊन जाणार, आणि तीही त्याच्या हट्टापायी. त्यानं माऊसकडे हात नेला.

“हात लावू नकोस,” काल्बूबू आपा म्हणाली. “मशीन नाही अडलं. हा अडलाय.”

“आपा, चित्र हलत नाहीये.”

“बाता चालू असताना कोण हलतं रे? मागायचं काय ते आठवेना झालंय त्याला. घोडे आठवतात मेल्याला.” तिनं मान पुढं काढली आणि पडद्याला दटावलं, “अहो, एक नात मागा की.”

क्षणभर काही झालं नाही. मग स्पीकरमधून, कुठून तरी मागून, तिचाच तेव्हाचा आवाज आला, तरणा आणि घाईतला: “अहो, एक नात मागा की.”

पडद्यावर इमानाली दचकले, लाजून हसले. “हो, आणि एक नात दे,” ते म्हणाले. “मी असेन नसेन. ती जिथं जाईल तिथं तिचं दार उघडं असू दे. ओमीन.”

बेगायीमनं हात तोंडावर नेले, आणि बराच वेळ तिथून काढलेच नाहीत.