निळ्या गोधडीचं कापड

स्वस्त कापड कुठे मिळतं हे मला विचारायचं, अशी वाशीमच्या आमच्या ऑफिसात पद्धतच पडून गेली आहे. कुणाला पडदे बदलायचे असोत की सोफ्याच्या खोळी शिवायच्या असोत, बायका आधी माझ्या टेबलाशी येतात. मलाही त्याची थोडी घमेंड आहेच. म्हणूनच माझी सख्खी आई दोन वर्षांपासून बाजारातल्या एका बोळातल्या एकाच दुकानातून गोधडीचं कापड आणते, तेही घासाघीस न करता, ही गोष्ट माझ्या जिवाला लागायची.

आई जवळच्या रिठद गावात राहते. गोधड्या शिवणं हा तिचा छंद नाही. कुणी छंद म्हटलं तर तिला राग येतो. ते तिचं काम आहे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तिच्या हातची एक गोधडी मिळालेली आहे, माझ्या नवऱ्याला दोन, आणि हा पक्षपात मी अजून विसरलेले नाही. आता पाळी माझ्या मुलीची होती. तिला नागपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, होस्टेलवर राहायचं ठरलं आणि तिने आजीला फर्मान सोडलं की गोधडी निळी पाहिजे. गडद असो, फिकी असो, पण सगळी निळीच. आमच्या घरात निळ्याला कुणी नाही म्हणत नाही. आई खूश झाली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने माझ्याकडे हजर.

"चाल, त्या भाऊच्या दुकानात जाऊ," ती चहा पितापिताच म्हणाली.

मी म्हटलं, आज नाही. त्या बोळात पाय ठेवायला जागा नसते, कटपीसचे ढीग छताला लागलेले, आणि भाव म्हणजे तो सांगेल तो. मोठ्या रस्त्यावर आता नवं तीन मजली दुकान झालं आहे. तिथे चादरींवर एकावर एक फुकट आहे. एका डबल चादरीत गोधडीचं वरचं कापड निघतं, फुकटच्या चादरीचं अस्तर होतं. मीटरने घेण्यापेक्षा निम्म्यात काम.

"मले नाही पटत ते दुकान," आई म्हणाली.

"काहून?"

"कापड हाताले लागू देत नाहीत तिथं."

हे काय कारण झालं? मी स्कूटी काढली आणि तिला मागे बसवलं.

दुकानात गार हवा होती आणि चादरी सगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात. आईने पहिलं पाकीट उचललं, उलटंपालटं केलं आणि सरळ नखाने उघडलं. गणवेशातली एक मुलगी लगबगीने आली.

"आजी, पाकीट खोलू नका ना."

"खोलल्याबिगर कसं समजन बाई, सूत हाय का पिलास्टिक हाय?"

"लिहिलेलं आहे त्याच्यावर."

"लिहिलेलं कोणी पांघरत नाही," आई म्हणाली. मुलगी हसली आणि दुसरीकडे बघू लागली. आईने कापड बोटांत चोळलं, गालाला लावलं आणि ठेवून दिलं. "सुई घसरते याच्यातून. दोन धुण्यात गोळे येतीन."

अशी चार पाकिटं झाली. खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं. फुकटचं होतं ते सगळं पॉलिस्टर होतं. पण मी हार मानणाऱ्यातली नाही. वरच्या मजल्यावर जाऊन शुद्ध सुती चादरी हुडकल्या, त्यांच्यावरही थोडीफार सूट होती, आणि सात-आठ आणून तिच्यापुढे टाकल्या.

आईने सगळ्यांवरून हात फिरवला. "हे सूत चांगलं हाय. हे निळी घे."

तिच्या हातात काळी चादर होती.

"आई, काळी हाय ते."

"मंग तेच तं म्हणून राह्यली मी. काळी नोको, हे निळी घे." आणि तिने शेजारची उचलली. ती गडद हिरवी होती.

मला वाटलं, बाई मुद्दाम करते आहे. तिला त्या बोळातच जायचं आहे म्हणून माझी फिरकी घेते आहे. आई तशी बेरकी आहे. माझा पारा चढला. "नातीले हिरवी गोधडी देतं काय? यायचंच नव्हतं तं घरीच सांगायचं." त्यावर तिने मला चांगलं फैलावर घ्यायला हवं होतं. तिने नुसती चादरीची घडी घातली आणि म्हणाली, "चाल, भाऊच्या दुकानात."

बोळाच्या तोंडाशी तिला उतरवलं. स्कूटीला जागा शोधून मी दुकानापर्यंत आले, तोवर ती स्टुलावर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. दुकानदार, गळ्यात टेप अडकवलेला पन्नाशीचा माणूस, तिच्या हातात एकेक तुकडा देत होता.

"हे शाईसारखं निळं, मावशी. हे आकाशी. हे त्याच्याहून जरासं गहिरं. शाईच्याले एक गाठ, आकाशीले दोन, गहिऱ्याले तीन."

प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्याला तो दोरा अडकवून गाठी मारत होता आणि आई त्या अंगठ्याने मोजून घेत होती. मला समजायला क्षणभर वेळ लागला. मग ती काळी चादर आठवली, आणि ती हिरवीही. तिचे टाके अजूनही एका रेषेत पडतात, म्हणून माझ्या मनात कधी शंकाच आली नव्हती.

"हे कवापासून?" मी विचारलं.

आई दचकली. उत्तर दुकानदाराने दिलं. "दोन वर्षं झाले, ताई. मोतीबिंदू असन, दाखवून घ्या म्हणलं मी. आयकत नाहीत. पोरीले सांगू नोका म्हणून कसम देली मले."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू शिवू देलं नसतं," आई म्हणाली.

"मी कायले अडवीन तुले?" मी म्हणाले, आणि त्याच दमात पुढे, "उद्याच डोळ्याच्या दवाखान्यात जाऊ. अन् ते सुई-दोरा ठेव आता बाजूले. पोरीसाठी मी विकतची पाहीन."

आई दुकानदाराकडे वळली. "पाहा भाऊ. म्हणलं होतं का नाही मी तुमाले?"

तो खाली मान घालून मोजलेलंच कापड पुन्हा मोजू लागला. मला लाज वाटली. डोळे दाखवायचेच होते, त्यात वाद नव्हता. पण तिचं काम मी तिच्या हातातून किती सहज काढून घेतलं होतं.

"डोळे दाखवू," मी म्हणाले. "अन् गोधडी तूच शिव."

तिने हातातला तुकडा परत ढिगावर ठेवून दिला. तिला ते खरं वाटलेलं नव्हतं. मी दुकानदाराकडून दोरा मागून घेतला, स्टुलाजवळ खालीच बसले आणि एका आकाशी तुकड्याला दोन गाठी मारून तो तिच्या हातात दिला. आईने कोपरा चाचपला.

"सैल हाय," ती म्हणाली. "शिवता शिवता सुटन. नीट मार."

मी गाठी सोडल्या आणि पुन्हा मारल्या.